मोडीत दिलेल्या सहा डिस्क

“स्क्रू बसाया काय धाड भरलीय?” कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात मान घालून सूर्यभान विचारत होता. डबा गप्प होता. सकाळपासून तेवढ्या एका बाबतीत तो सभ्यपणे वागला होता.

राजेश्वरीने चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला. “कोनाशी बोलताय?”

“ह्याच्याशी. जुन्या डिस्कला बाजूला तीन भोकं हुती. हिला मधलं भोकच न्हाई. चार टीबीची डिस्क काढली आन भोक पाडायला इसरले!”

“मंग ऱ्हाऊ द्या की. जुन्यावर काय वाईट चाललं हुतं?”

याचं उत्तर सूर्यभानकडे होतं, पण वाकलेल्या मानेने देता येण्यासारखं नव्हतं. त्याने कंबर सरळ केली आणि चहा घेतला.

पाथर्डीच्या बाजारतळाला लागून त्याचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, मागच्या दोन खोल्यांत संसार होता. अठ्ठावीस वर्षं तो लग्नं काढत आला होता. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता पेनड्राइव्हवर. गावातले बाकीचे शूटिंगवाले पार्टीला पेनड्राइव्ह दिला की वर्षभरात सगळं पुसून टाकत. सूर्यभानने आजवर एकही लग्न पुसलं नव्हतं. जुन्या कॅसेटसुद्धा त्याने एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. तसं कर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला कारण वेगळंच होतं.

दसरा झाला की अर्धा तालुका कोयते बांधून ऊसतोडीला जातो. लोक परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि मग दोन महिन्यांत सगळी लग्नं उरकतात. सगळं गणगोत एका जागी दिसतं ते तेवढंच. पुढे त्यातलं कोणी गेलं की घरचा माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहायचा आणि हळूच विचारायचा, “आप्पा, आमचं म्हातारं तुमच्या शूटिंगात कुठं घावंल का?” दहाव्याला फोटो लागतो. आणि चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या, मांडवाच्या खांबाला टेकून कोणाचं तरी पोर सांभाळणाऱ्या माणसांचा फोटो कोण काढतं? सूर्यभान मग लग्नाचं शूटिंग लावून बसायचा. पंगतीत, वरातीत, कुठेतरी तो चेहरा सापडायचाच. तिथे शूटिंग थांबवायचं, शेजारच्याचा कान खोडायचा, मागे निळं आभाळ टाकायचं आणि चौकट करून द्यायची. दोनशेवर माणसं त्याने अशी शोधून दिली होती. ‘आप्पाकडं सगळे हायेत,’ असं लोक म्हणायचे, आणि हे वाक्य कानावर आलं की सूर्यभान दिवसभर हवेत असायचा.

त्याची लावून ठेवायची पद्धतही त्याचीच. फोल्डरला नवरानवरीचं नाव नाही, तारीख नाही. नाव ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाचं. कारण लग्नाचं साल कोणाला आठवत नाही, पण त्या साली आपण कोणत्या मुकादमाच्या टोळीत होतो हे माणूस झोपेतही सांगतो. ‘छगन मुकादम, साल दुसरं’, म्हणजे छगनच्या मुकादमकीचं दुसरं वर्ष, एवढं कळलं की सूर्यभानचं बोट बरोबर त्या लग्नावर.

हे सगळं सहा जुन्या डिस्कमध्ये पसरलं होतं आणि गेल्या महिन्यापासून त्यातली एक कट कट वाजायला लागली होती. म्हणून ही नवी, एकच, मोठी.

नगरला करणच्या दुकानातून ती आणली होती. करण तरुण पोरगा, हुशार. डिस्क त्यानेच आपल्या मशीनवर तयार करून दिली. देता देता त्याने विचारलं होतं, “काका, तुमचं मशीन कोणत्या सालचं आहे?”

“दोन हजार नऊ.”

“मग मशीनच बदला ना. जुन्या बोर्डावर एवढी मोठी डिस्क कटकट करेल.”

“माझ्या मशीनला काय झालंय?” सूर्यभान म्हणाला होता. त्याच मशीनच्या कमाईवर त्याच्या दोन पोरींची लग्नं झाली होती, आणि त्यांचं शूटिंगही त्याच मशीनवर जोडलं होतं. कोणी त्याला जुनं म्हटलं की त्याला स्वतःलाच कोणी म्हातारं म्हटल्यासारखं लागायचं.

शेवटी त्याने दोनच स्क्रूवर डिस्क बसवली. मग करंट द्यायचा प्लग जुळेना. डब्यातला प्लग चार टाचण्यांचा, डिस्कला पाहिजे चपटा. सीडी रायटरचा प्लग उपसून तिला लावला. मशीन चालू केलं तर डिस्क दिसेचना. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग दिसली, पण अर्ध्याहून कमी. तेवढ्यात लाईट गेली. लाईट येईपर्यंत त्याने साखर कारखान्यापासून वीजबोर्डापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्यात डिस्क बनवणाऱ्यांचाही नंबर लागला. लाईट आल्यावर मोबाईलवर एका हिंदी व्हिडिओत बघून त्याने कसलीशी सेटिंग बदलली, कसलासा ड्रायव्हर टाकला, आणि दुपारी तीनला पडद्यावर आकडा आला. तीन पॉइंट त्रेसष्ट.

“चार लिव्हलंय आन दाखवतोय साडेतीन! मापात पाप!” त्याने करणला फोन लावला.

“ते तसंच असतं काका, मोजायची रीत वेगळी असते,” करण म्हणाला. “पण नीट ऐका. दिसतंय तेवढं खरं धरू नका. तुमच्या जुन्या बोर्डाला दोन टीबीच्या पुढचं नीट मोजता येत नाही. अर्धीच भरा. बाकी रिकामी राहू द्या.”

“आरं, डोळ्यानं दिसतंय की मला!”

“दिसतंय, पण...”

सूर्यभानने फोन ठेवला. पैसे मोजायचे सगळ्या डिस्कचे आणि वापरायची अर्धी! अर्धंच शेत भिजव म्हणून कोणी विहीर खणतं का? तो आधीच वैतागला होता, आणि वैतागलेल्या माणसाला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

पुढचे पाच दिवस मशीन बंद झालं नाही. जुन्या डिस्क एकामागून एक लावायच्या आणि सगळं उचलून नवीत टाकायचं. ‘कॉपी’ नव्हे, ‘कट’. लग्नसराईत कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं झालं तरच दुसऱ्या दिवशीचं लग्न निघतं, त्यामुळे एवढ्या वर्षांत त्याच्या बोटांना दुसरी सवयच नव्हती. पाचव्या दिवशी सहाही डिस्क रिकाम्या झाल्या. त्या पिशवीत घालून तो नगरला गेला आणि करणला मोडीत देऊन आला. घरात नवा हंडा आला की जुना मोडीत जातो. दोन्ही कोणी ठेवत नाही. ते त्याला इतकं सरळ वाटलं की त्याने त्यावर विचारही केला नाही. घरी येऊन त्याने मशीन बंद केलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

मग पंधरा दिवस दुसऱ्या मशीनवर पासपोर्ट फोटो काढण्यात गेले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बजरंग आला. पायरीशी चप्पल काढून आत आला आणि उभाच राहिला. पस्तिशीचा गडी, पण हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याचे वळ आणि डोळे खोल गेलेले.

“आप्पा, आई गेली. आज पाचवा दिस.”

“रंगुबाई? आरं काय सांगतो!” सूर्यभानने स्टूल पुढे ओढलं. “बस. बस आधी.”

“म्या सांगलीकडं फडात हुतो. सांगावा आला तसा निघालो. करमाळ्याजवळ जीप बंद पडली. हिकडं लोकांनी वाट बघितली, बघितली, मंग दिस बुडाया लागला. म्या आलो तवा जाळ हुता.” तो थांबला. “त्वांड दिसलं न्हाई आप्पा. दिवाळीच्या आधी बघितलं हुतं, त्येच.”

सूर्यभानने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

“घरात एक बी फोटू न्हाई, बहिनीच्या लग्नाची सीडी बी कवाच खराब झाली. माझ्या मोबाईलात दोन हुते, तर त्यो ट्रॉलीखाली गेला पौषात. आधार कार्ड पिशवीत घासून घासून पांढरं झालंय. फोटू म्हनलं की ती पळायची. तुमाला तर ठावं हाय.”

“तुझ्या बहिनीचं लगीन म्याच काढलंय. तवा कोनत्या मुकादमाकडं हुता?”

“छगन मुकादम. दुसरं साल.”

“मंग हाय!” सूर्यभानने मांडीवर थाप मारली. “हळदीला पोरीला ओवाळतीय तुझी आई, पार म्होरं. मला आठवतंय चांगलं. तू त्वांड बघशील, चल.”

बजरंगचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. त्याने स्टूल पडद्याजवळ सरकवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. सूर्यभानने मशीन चालू केलं, नव्या डिस्कवर बोट दाबलं. पडद्यावर पाटी आली. डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा.

फॉरमॅट म्हणजे काय हे सूर्यभानला चांगलं माहीत होतं. त्याने ‘नको’ दाबलं. पुन्हा तीच पाटी. मशीन बंद करून चालू केलं. तीच पाटी. वायर काढली, फुंकली, परत लावली. छगन मुकादम, साल दुसरं. त्या नावाचं फोल्डर दिसत नव्हतं. कोणतंच दिसत नव्हतं.

“लाईटीचा लोचा हाय का?” बजरंगने विचारलं.

“व्हय,” सूर्यभान म्हणाला. “लाईटीचाच. तू जा आता. म्या फोन करतो तुला.”

“पन हाय ना?”

“हाय.”

बजरंग गेल्यावर राजेश्वरी आतल्या दाराच्या पडद्याआडून पुढे आली. तिने पाटीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “त्या जुन्या डिस्का...?”

“मोडीत,” सूर्यभान म्हणाला.

ती नेहमी बोलणारी बाई. तिने नुसता पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने तो नगरला पोचला तेव्हा करण दुकान उघडत होता. डिस्क आपल्या मशीनला लावून करण बराच वेळ बघत राहिला. “काका, किती भरलीत?”

“तीन टीबीच्या वर.”

“सांगितलं होतं ना मी?” करण चिडून म्हणाला आणि मग सूर्यभानचं तोंड बघून त्याने आवाज उतरवला. “बघा, तुमच्या बोर्डाला वहीची अर्धीच पानं मोजता येतात. ती संपली की तो पुढच्या पानावर जात नाही. परत पहिल्या पानापासून लिहायला लागतो. आधीच्या अक्षरांवर. तुम्हाला वाटतं वही भरतेय. तो खोडत असतो.”

“सगळं?”

“आधी डिस्कचा हिशोब ठेवणारं पान गेलं, म्हणून फोल्डर दिसत नाहीत. आणि जे तुम्ही सुरुवातीला टाकलं, त्यातलं बरंच गेलं असणार. सुरुवातीला काय टाकलं होतं?”

सुरुवातीला त्याने सगळ्यात जुनं टाकलं होतं. अगदी हौसेने, क्रमाने.

“त्या सहा डिस्क दे मला परत,” सूर्यभान म्हणाला. “त्या पुसल्या तरी त्यातनं निघंल काहीतरी.”

“काका, त्या त्याच आठवड्यात साफ केल्या. दोन सीसीटीव्हीवाल्याला गेल्या, त्यावर रात्रंदिवस नवीन शूटिंग भरतंय. बाकीच्या कुठे गेल्या ते आता सांगता येणार नाही.”

सूर्यभानला संताप आला. करणचा, सीसीटीव्हीवाल्याचा, त्या मधलं भोक नसलेल्या डिस्कचा. तो भरभर बोलत सुटला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की पोरगा खाली मान घालून मुकाट ऐकून घेतोय, वडीलधाऱ्याचं ऐकून घ्यावं तसं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“निघंल तेवढं काढ,” तो म्हणाला. “परवाच्या परवाला दहावा हाय एका घरी.”

तीन दिवस तो रोज नगरला गेला आणि करणच्या दुकानात बाकड्यावर बसून राहिला. बसून काही उपयोग नव्हता. निघालं ते करणने दुसऱ्या डिस्कवर घालून दिलं. नावं नव्हती. मुकादम नव्हते, सालं नव्हती. नुसते आकडे. एकपासून सहाशे बारापर्यंत तुकडे, कुठलाही कशानंतर.

नवव्या दिवशी सकाळीच त्याने बजरंगला बोलावून घेतलं. “दोगं मिळून बघू. तुझी मानसं तू लवकर वळखशील.”

ते बघत बसले. अर्ध्या मिनिटाचा एखादा तुकडा, एखादा तासाचा. मध्येच पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. एका वरातीत घोड्यावर बसलेला नवरा पुढच्या क्षणी दुसऱ्याच गावच्या पंगतीत वाढपी झाला. एका म्हाताऱ्याचं अर्धं तोंड आलं आणि खालच्या अर्ध्यात डीजेचे दिवे लुकलुकत राहिले. सूर्यभानने तो म्हातारा ओळखला, पण नाव घेतलं नाही. घरच्यांनी त्याचा फोटो अजून मागितला नव्हता. कधीतरी मागतील.

दुपारी दोनला बजरंग ताडकन उठला. “थांबा! आप्पा, मागं घ्या. त्यो आमचा बैल हाय! कवड्या!”

खरंच बैल होता, पांढऱ्या ठिपक्यांचा, दावणीला. मग अंगण, मग मांडव. मग पाटावर बसलेली हळदीची पोर. बजरंग उभ्यानेच पडद्याकडे वाकला.

सूर्यभानची एक लकब होती. ओवाळणं आलं की तो कॅमेरा ताटापासून सुरू करायचा. दिवा, कुंकू, अक्षता, मग हात, मग सावकाश वर, वर, आणि शेवटी ओवाळणाऱ्या बाईचं तोंड. ते तोंड उजेडात असं उमलून यायचं की लोक ते पुन्हा पुन्हा बघायचे. त्याला त्या लकबीचा गर्व होता.

पडद्यावर ताट आलं. पितळी, एका बाजूला पोचा पडलेलं. दिव्याची ज्योत. मग ताट धरलेले दोन हात. रापलेले, नखांच्या कडा काळ्या, मनगटात हिरव्या बांगड्या, आणि उजवी करंगळी मधूनच आत वाकलेली. ताट गोल फिरलं. एकदा, दोनदा. कॅमेरा वर निघाला. बांगड्या, कोपर, लुगड्याचा काठ.

आणि ढोल वाजायला लागले. शेरवानीतला एक नवरा गॉगल लावून नाचत होता, त्याच्यावर कोणीतरी फवारा उडवत होतं, आणि वरून ड्रोनने काढलेला मांडव गरगरत होता. ते मागच्या मे महिन्यातलं लग्न होतं.

“हे काय?” बजरंग म्हणाला.

सूर्यभानने तुकडा मागे नेला. ताट, हात, बांगड्या, काठ, ढोल. पुन्हा मागे. ताट, हात, बांगड्या, काठ, ढोल. त्याला त्या नाचणाऱ्या नवऱ्याला ओढून बाजूला करावंसं वाटलं. त्याहून जास्त, सोळा वर्षांपूर्वीच्या त्या हळदीत जाऊन स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तोंडापासून सुरू करायला काय झालं होतं? कोणी ताट बघायला मागितलं होतं?

उरलेले सगळे तुकडे त्यांनी संध्याकाळपर्यंत पळवत पळवत बघितले. रंगुबाई आणखी एकदाच दिसली, घागर घेऊन जाताना, पाठमोरी.

“बजरंग,” सूर्यभान म्हणाला, “त्या दिशी लाईटीचा लोचा न्हवता. माझी चूक हुती. त्या पोरानं मला सांगितलं हुतं, अर्धीच भर. म्या ऐकलं न्हाई. आन जुन्या डिस्का मोडीत घातल्या.”

बजरंगने त्याच्याकडे बघितलं. रडेल असं वाटलं, पण तो चिडला होता.

“तुमी ‘हाय’ म्हनले आप्पा. म्या चार दिस बायकोला सांगतोय, आप्पाकडं आई हाय. पोरं बी रोज इचारत्यात.”

“व्हय.”

“न्हाई म्हनले असते तर म्या गप ऱ्हायलो असतो.”

बाहेर बाजारतळावर कोणीतरी शटर ओढलं. मग बजरंग म्हणाला, “त्ये ताट पुन्यांदा लावा.”

सूर्यभानने लावलं.

“हितं थांबवा.” तो पडद्याजवळ गेला. “ही करंगळी बघा. म्या तवा पोटात हुतो. कोयता लागला तर टाकं घालाया बी गेली न्हाई, खाडा पडंल म्हनून. तशीच वाकडी जुळली.” त्याने पडद्याला बोट लावलं नाही, जरा अलीकडे धरलं. “हेच काढून द्या.”

“आरं, नुसते हात? लोकं काय म्हनतील?”

“म्हनू द्या. दुसऱ्या कोनाचे हायेत का?”

दहाव्याला नदीत पाणी नव्हतं. टँकरने आणून पिंपात भरलं होतं. वाळूत मांडव घातला होता आणि लाकडी खुर्चीवर चौकट ठेवली होती. सूर्यभानने शेजारचं कोणी खोडलं नव्हतं, निळं आभाळ टाकलं नव्हतं. ताट धरलेले दोन हात, जसे होते तसे. बजरंगने मुंडण केलं होतं. त्याने हार घातला आणि फुलं करंगळीवर येऊ नयेत म्हणून एकदा सरकवून घेतला.

लोक येत होते, चौकटीसमोर थांबत होते, गोंधळत होते. पुरुषमाणसं एकमेकांकडे बघत होती. बायका मात्र लगेच ओळखत होत्या. “रंगूच हाय,” म्हणत होत्या आणि तोंडात पदर कोंबत होत्या.

प्रवचन संपल्यावर गर्दी सैल झाली. सूर्यभान एका कडेला उभा होता. गळ्यात कॅमेरा होता, पण फोटो काढावा असं त्याला वाटत नव्हतं. आदिनाथ म्हणून वस्तीवरचा एक जण त्याच्याजवळ आला. त्याचा बाप सहा महिन्यांपासून अंथरुणाला होता.

“आप्पा, रंगुमावशीचं त्वांड कसं घावलं न्हाई?” त्याने विचारलं. “आमचं म्हातारं तर हाय ना तुमच्याकडं? माझ्या लग्नात फेटा बांधलाय त्यानं.”

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. ‘बघतो’ म्हणता आलं असतं. ‘शोधावं लागंल’ म्हणता आलं असतं. अशा वेळी माणूस तसंच काहीतरी म्हणतो.

“न्हाई,” सूर्यभान म्हणाला. आवाज जास्तच मोठा निघाला. “आता माझ्याकडं कोनी न्हाई. जुनं सगळं गेलं. म्या घालवलं. जुन्यातलं कोनाचं बी आता मागायला येऊ नका.”

आदिनाथने नुसती मान हलवली आणि वाळूत बघत राहिला. अठ्ठावीस वर्षं जे वाक्य ऐकून सूर्यभान हवेत असायचा ते आता पुन्हा कोणी म्हणणार नव्हतं. पायाखालची वाळू सरकावी तसं त्याला झालं, आणि त्याच वेळी पाच दिवसांत पहिल्यांदा श्वासही मोकळा आला.

“आरं सूर्यभान,” बायकांतून आवाज आला. साळूबाई होती, रंगुबाईच्या वयाची, चाळीस वर्षं तिच्याबरोबर मोळ्या बांधलेली. काठी टेकत ती पुढे आली. “तुज्या त्या डब्यातलं गेलं म्हनतो. पन ह्यो कॅमेरा हाय नव्हं चालू?”

“हाय की मावशे.”

“मंग माझा काढ. आत्ता. आन डब्यात नगं ठिवू, कागदावर दे. माझ्या हातात दे.”

“घरी जाऊन चांगलं लुगडं नेसून...”

“ह्ये काय वाईट हाय?”

ती मांडवाच्या कडेला, उजेडात, एका दगडावर बसली. तिच्यामागे आणखी दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या. मग एक म्हातारा टोपी नीट करत. आदिनाथ काही न बोलता वस्तीकडे धावत गेला, बहुतेक बापाला बाजेसकट आणायला माणसं गोळा करायला.

सूर्यभान गुडघ्यावर बसला. साळूबाईने कपाळावर आलेला पदर मागे सारला. तिचं तोंड सुरकुत्यांनी भरलेलं होतं, आणि ती कॅमेऱ्याकडे अजिबात न लाजता बघत होती. त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

“थांब,” ती म्हणाली. तिने काठी बाजूला टाकली, दोन्ही हात उचलून छातीशी धरले, तळवे बाहेर. “हे बी येऊ दे.”

सूर्यभान उठून दोन पावलं मागे सरकला, म्हणजे तोंड आणि हात दोन्ही मावतील.